जित्ता चारा

मरळीला मेलेला चारा चालत नाही. ती डोहाच्या कपारीत तोंड बाहेर काढून बसते आणि समोरून काही पळालं तरच झडप घालते. म्हणून गळाला लावायची बोटाएवढी मासोळी जित्ती पाहिजे. पाठीवरच्या पंखाखाली नुसतं कातडं धरून गळ ओवायचा, काट्याला लागू द्यायचा नाही, म्हणजे ती गळासकट पोहत राहते. हे सगळं मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. माझं माहेर चिखलीकडचं, विहिरींच्या मुलखातलं. मासे मी तोवर बाजारातच पाहिलेले, तेही पदर नाकाला लावून.

सासर पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात. गावविहिरीचं पाणी असं की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. चैत्रात नदी वाहायची थांबली की डोह तेवढे उरतात, आणि त्यांचंही पाणी दिवसागणिक मचूळ होत जातं. गोडं पाणी नदीपलीकडच्या मळ्यातून डोक्यावर आणायचं. ते प्यायला आणि डाळीला. घरात कोण किती पाणी प्यालं हे आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, नुसत्या भांड्याच्या आवाजावरून कळायचं.

माझी लेक शेवंता तेव्हा सहा महिन्यांची होत आली होती. तिच्या उष्टावणाला माझा भाऊ रंगराव येणार होता, आणि मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मनाशी ठरवलं होतं की सुनेच्या भावाच्या पानात पूर्णेची मरळ पडली पाहिजे. आत्याबाई माळकरी. त्या स्वयंपाकघरात मासोळीचं नाव काढू द्यायच्या नाहीत. मामाजींची चूल परसात वेगळी मांडलेली, भांडीही वेगळी. शेवंताचे वडील खामगावला जिनिंगमध्ये कामाला, त्यांना सुटी नव्हती. तेव्हा मरळ धरायची मामाजींनी आणि मरळीचा चारा धरायचा मी, अशी वाटणी झाली.

धुणं घेऊन डोहावर गेले की बाभळीच्या फांदीला झोळी बांधायची, शेवंताला तीत ठेवायचं, आणि जुन्या पितळी लोट्याच्या तोंडाला फडकं घट्ट बांधायचं. फडक्याला बोट जाईल एवढं भोक. आत ज्वारीच्या भाकरीचा चुरा. लोटा गळ्यापर्यंत उथळ पाण्यात पुरून ठेवला की माझं एक लुगडं धुऊन होईस्तो मासोळ्या आत शिरलेल्या असायच्या. आत जायची वाट त्यांना सापडते, बाहेरची सापडत नाही. लोटा झोळीजवळ नेऊन फडकं सोडलं की शेवंता दोन्ही मुठी वळून आत पाहायची आणि खुदकन हसायची. तिला वाटायचं, आई तिच्यासाठीच काहीतरी चमचमणारं आणते आहे.

त्याच दिवसांत मामाजींनी ते डबे आणले.

हिंमतराव पाटलांच्या कपाशीवर दोन सालांपासून फवारा मारत. नवीनच निघालं होतं ते औषध, एंड्रिन म्हणायचे. त्याचे रिकामे डबे त्यांच्या खळ्यातल्या कोठ्यात पडले होते. मामाजी तिथे सालभर कामाला होते, त्यांनी दोन मागून आणले. जाड पत्रा, वर कडी, आणि झाकण असं की मुंगी शिरणार नाही. वरच्या कागदावर कवटीचं चित्र होतं. आत्याबाईंनी तो कागद भिजवून खरवडून काढला. मग राख, चिंच, पुन्हा राख, आणि कितीतरी उन्हं. शेवटी त्यांनी आत तोंड घालून वास घेतला आणि म्हणाल्या, "चांदीवाणी निघाला पाह्य. कशाचाच वास नाई."

एक डबा मामाजींच्या मासोळ्यांसाठी परसात गेला. दुसरा स्वयंपाकघरात, गोड्या पाण्यासाठी. मातीच्या रांजणातून पाणी झिरपतं, उडून जातं. डब्यातलं थेंबभर कमी होत नव्हतं. आत्याबाई तो जनकाबाईला, आमच्या शेजारणीला, मुद्दाम दाखवायला घेऊन गेल्या.

"नातीचं पाणी त्यातच ठेवतो बाप्पा आता," त्या म्हणाल्या. "झाकण पाह्य कसं हाय."

"एखादा मलेबी आणाले सांगा ना पुंजाजीभाऊले," जनकाबाई मामाजींचं नाव घेऊन म्हणाली.

"पाटलाच्या घरचे डबे का झाडाले लागते?"

पहिल्या दिवशी मी लोटाभर मासोळ्या परसातल्या डब्यात सोडल्या, डोहाच्याच पाण्यासकट. संध्याकाळी मामाजी गळ घेऊन निघाले, झाकण उघडलं, आणि तिथेच उभे राहिले. सगळ्या मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या.

"रुखमे, विहिरीचं पाणी टाकलं काय वो याच्यात?"

"नाई मामाजी. डोहाचंच आहे."

"मंग मेल्या कशा? डोहाच्या मासोळीले डोहाचंच पाणी लागते. विहिरीचं खारं पाणी तिले सोसत नाई, हजार डाव सांगलं तुले."

"डोहाचंच होतं," मी पुन्हा म्हणाले.

"हाव, मंग डोहालेच ताप आला असन," ते म्हणाले आणि गळ खुंटीला लावून बसले. रागावले नव्हते. पण माझ्यावर विश्वासही ठेवला नव्हता.

दुसऱ्या खेपेला ते स्वतः आले. स्वतः घागर बुडवली, स्वतः डबा भरला, माझ्या लोट्यातल्या मासोळ्या स्वतःच्या हातानं सोडल्या. मी शेवंताला कडेवर घेऊन बाजूला उभी होते. मासोळ्या थोडा वेळ तळाशी एकत्र झाल्या. मग एक सुटली आणि गरगर फिरू लागली, एका कुशीवर, भोवऱ्यासारखी. शेवंताला गंमत वाटली. तिनं हात पुढे केला. मी तिचा हात धरून मागे घेतला. का घेतला हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

"उनानं पत्रा तापते," मामाजी म्हणाले. त्यांनी डबा लिंबाखाली सरकवला, वर ओलं पोतं टाकलं. जेवण होईस्तो एकही जिवंत राहिली नाही.

आत्याबाईंनी नाकाला पदर लावून त्या मासोळ्या काडीनं कुंपणाबाहेर लोटल्या. दुपारी जनकाबाई हातात कोंबडी धरून आली. कोंबडीची मान एका बाजूला वळलेली, पाय ताठ, मधूनच सगळं अंग थडथड उडायचं.

"काय खाऊ घातलं वो मायच्यान माह्या कोंबडीले?"

"कोण खाऊ घालते तुह्या कोंबडीले?" आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या. "मर आली असन. उन्हाळ्यात येतेच."

"तुमच्याच कुंपणापाशी मासोळ्या टोचून राह्यली होती."

"मंग जास्त खाल्ल्या असन. तुयी कोंबडीबी तुह्यासारखीच, फुकटचं दिसलं का हात मारते."

जनकाबाई हसली नाही. कोंबडी तिच्या हातातच गेली.

उष्टावण जवळ आलं तसा मामाजींचा जीव वरखाली होऊ लागला. मरळ डोहात दिसत होती. मीही पाहिली, काळी पाठ, माझ्या दंडाएवढी. फक्त जित्ता चारा टिकत नव्हता. त्या दिवशी लोट्यात नेहमीपेक्षा जास्त मासोळ्या आल्या. डब्यात दाटी नको म्हणून मी अर्ध्या एका जुन्या मातीच्या मडक्यात सोडल्या. मडकं आणि डबा एकाच लिंबाखाली, शेजारी शेजारी. पाणी एकाच घागरीतलं.

शेवंताला पाजून, झोपवून मी परत आले तेव्हा डब्यातल्या मेल्या होत्या. मडक्यातल्या पळत होत्या. मी बोट बुडवलं तर बोटालाच टोचायला आल्या, भाकरीच्या आशेनं.

तेव्हा मला स्वयंपाकघरातल्या डब्याची आठवण झाली असं म्हणता येणार नाही. तो डबा आधीपासूनच माझ्या डोळ्यांपुढे होता, मी फक्त त्याच्याकडे पाहत नव्हते. एकाच कोठ्यातले दोन डबे. एकाच राखेनं घासलेले. आणि उन्हाळा म्हणून आत्याबाई शेवंताला दिवसातून चारदा चमच्यानं त्यातलं पाणी पाजत होत्या.

आत गेले. शेवंता झोळीत झोपलेली. पापण्या अर्धवट मिटलेल्या, ओठ झोपेतही दूध ओढत असल्यासारखे हलणारे. मी पाहते आहे तोच तिचा हात झटक्यानं वर उडाला, मग पाय. मग शांत. लेकरं झोपेत दचकतात. सगळीच दचकतात, जगभरची. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले आणि पुन्हा दचकते का याची वाट पाहत राहिले. ती पुन्हा दचकली.

आत्याबाई डाळ निवडत होत्या. मी म्हणाले, "आत्याबाई, त्या डब्यातलं पाणी पोरीले नका पाजू."

"काऊन?"

"परसातल्या डब्यात मासोळ्या मरतात. मडक्यातल्या नाई मरत. मी आताच पाह्यलं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मासोळ्याचा डबा मासोळ्याचा. माया डब्याले त्याच्यात काऊन ओढतं? मी काय यात मासोळ्या ठेवल्या?"

"डबे एकाच जागचे आहेत. औषधाचे."

"मंग आम्ही काय पेऊन राह्यलो इतके दिवस? मी पेतो, तुये मामाजी पेतात, तू पेतं. कोण मेलं सांग बरं. मेलं कोणी?"

मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. आत्याबाईंचं डोकं आठवडाभर ठणकत होतं, सुंठेचा लेप कपाळावर तसाच होता. पण उन्हाळ्यात कोणाचं डोकं दुखत नाही?

"पोरगी झोपीत दचकते," मी म्हणाले.

"दृष्ट लागली. जनकीची लागली असन, कोंबडीसाठी तळतळली ना ती." त्यांचा आवाज थोडा उतरला. शेवंतावर त्यांचा जीव होता, खोटं सांगणार नाही. रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायच्या. "मीठमिरच्या उतरवतो आज. अन् पाह्य रुखमे, उष्टावणाच्या तोंडावर असं अभद्र बोलू नको. तुया भाऊ यीन, त्याले काय सांगशीन, सासूनं जहर पाजलं मनून?"

त्यानंतर मी माझ्यापुरता मार्ग काढला. शेवंताच्या वाटीतलं पाणी गुपचूप मोरीत ओतायचं, तिला फक्त अंगावर पाजायचं. पण मी नदीवर गेले की वाटी ओली असायची आणि तिच्या हनुवटीवर थेंब. "तहानेनं लेकरू वाळून जाईन, तुले काई समजत नाई," आत्याबाई म्हणायच्या. मी रांजण भरून ठेवला. त्यातलं पाणी त्या डाळीला वापरत, पोरीला डब्यातलंच देत.

मामाजींना मी मडकं दाखवलं. ते उकिडवे बसले, मडक्यात पाहिलं, मग डब्यात पाहिलं. डब्याच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. मासोळीच्या बाबतीत त्यांना फसवणं कठीण होतं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मग त्यांनी तो परत होता तसा केला.

"मडक्यातच ठेवत जाय," ते म्हणाले.

"अन् घरातला डबा?"

"तुह्या आत्याबाईले कोण सांगन? साऱ्या गावाले दाखवून आली ते." ते उठले. "उष्टावण होऊ दे. पाहुणे गेले की पाहू."

"तवरक पोरीनं प्यायचं?"

त्यांनी मडक्यावर ओलं फडकं टाकलं. डबे त्यांनी आणले होते. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना मासोळ्या उन्हानं मेल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं.

मडक्यातल्या मासोळीनं काम केलं. उष्टावणाच्या सकाळी ते मरळ घेऊन आले, कल्ल्यातून दोरी ओवून, गावभर दाखवत. रंगरावदादाही पहिल्या मोटारीनं आला होता. हातात शेवंताचं झबलं, वाटी-चमचा, डोक्यावर नवी टोपी.

"काय भाची हाय बाप्पा!" तो तिला उचलून म्हणाला. "नाक तर सारं मामाचं."

"मामाचं असतं तर झाकून ठेवलं असतं," जनकाबाई म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या. आत्याबाईसुद्धा. घर भरलं होतं, शेजारपाजारच्या चार बाया, त्यांची लेकरं. पाट मांडला. शेवंताच्या कपाळाला कुंकू लावलं. खीर निरशा दुधाची होती, पाण्याचा थेंब नसलेली, तेवढ्यावर मी मन घट्ट करून बसले होते.

मग आत्याबाई आतून घासलेला पितळी हंडा घेऊन आल्या. डबा सबंध त्यात ओतला होता. "आज सगळ्याइले गोडं पाणी," त्या अभिमानानं म्हणाल्या. "पह्यले मायी नात." वाटी हंड्यात बुडवून त्यांनी दादाच्या हातात दिली. "पाज बाप्पा, मामाच्या हातानं."

दादानं चमचा भरला. शेवंतानं तोंड उघडलं. तिला मामा आवडला होता.

मी परसात कशी गेले आणि कशी आले ते आठवत नाही. मडक्यातल्या उरलेल्या मासोळ्या माझ्या ओंजळीत होत्या, पाणी कोपरांवरून गळत होतं. "दादा, थांब!" मी ओरडले, आणि ओंजळ हंड्यात रिकामी केली.

आत्याबाईंनी किंकाळीच फोडली. उष्टावणाच्या पाण्यात, माळकऱ्याच्या हंड्यात मासोळ्या. त्यांनी माझा दंड धरून मला भिंतीवर ढकललं. "येडी झाली काय वो तू! वाटोळं केलं दिवसाचं! रंगराव, पाह्य तुयी बहीण, पाह्य इचे गुण!"

"रुख्मिणी, हे काय?" दादाचा चेहरा शरमेनं काळा पडला होता.

"चमचा खाली ठेव. आधी त्याइच्याकडे पाह्य, मंग पाज."

"काय पाहू?"

"पाह्य!"

मामाजी दारातून आत आले. मरळ त्यांनी ओसरीवर टाकली होती. ते हंड्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि हात वर करून म्हणाले, "गोजरे, चूप. जरा चूप बैस." आयुष्यात त्यांनी बायकोला चारचौघांत गप्प बसवलं नव्हतं. त्या गप्प बसल्या.

सगळे हंड्याभोवती वाकले. पितळेत मासोळ्या छान दिसत होत्या. त्या कडेकडेनं फिरत होत्या, वळत होत्या, भाकरी शोधत होत्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "चांगल्याच तर हायेत." आत्याबाईंनी मोठा श्वास सोडला. मीही देवाला म्हणाले, राहू दे तशाच. मला येडी ठरव, माहेरी पाठव, पण त्यांना असंच फिरू दे.

मग एक थांबली. तिनं तोंड पाण्याच्या वर काढलं. मग ती कुशीवर आली आणि गरगर फिरू लागली, आणि तिच्यामागून दुसरी.

एका बाईनं आपल्या लेकराच्या हातातला पेला काढून घेतला. शेवटची मासोळी उलटी झाली तेव्हा आत्याबाई भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवंताकडे पाहिलं, आणि आपले हात पदरात झाकून घेतले.

"किती दिवस पेऊन राह्यली हे पोरगी?" जनकाबाईनं विचारलं. आत्याबाईंनी मान हलवली. त्यांना मोजता येत नव्हतं, किंवा मोजायचं नव्हतं.

"असे डबे अजून कोणाच्या घरी गेले, मामाजी?" दादा म्हणाला.

मामाजींनी घरं सांगितली. एकात तेल, एकात दाणे, दोन घरं बाळंतिणींची. दादानं टोपी काढून खुंटीला लावली आणि घरोघर सांगायला अनवाणीच निघाला. तो जाईस्तो शेवंताचा डावा हात दादानं आणलेल्या नव्या झबल्यात दोनदा झटकला. ती जागी होती. टक्क जागी, माझ्याकडे पाहत.

"खामगावले," मी म्हणाले. "डाक्तरकडे. आताच."

परतीची मोटार संध्याकाळी होती, म्हणून बैल उन्हात जुंपले गेले. मामाजी धुरेवर बसले, मी मागे, शेवंताला पदराखाली घेऊन. आत्याबाई गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत आल्या, गाडीची एक खुंटी धरून. मग त्यांचा हात सुटला.

रस्ता काळ्या मातीचा, भेगाळलेला. दुतर्फा कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग वाळत होते. शेवंतानं थोडा वेळ बैलांच्या घुंगरांकडे कान दिला, मग ती चुळबुळू लागली. तोंड माझ्या चोळीशी घासू लागली. सकाळपासून कार्यक्रमाच्या गडबडीत तिच्या पोटात काही नव्हतं. माझा पान्हा तिच्या आवाजानंच फुटला, चोळी ओली झाली. मी तिला जरा दूर धरलं. ती आधी चकित झाली, मग रडू लागली, मग घसा फोडून रडू लागली.

मामाजी मागे न वळता म्हणाले, "पाज ना वो तिले. भुकी हाय लेकरू."

मी शेवंताच्या मुठीचं एक एक बोट उलगडत होते आणि पुन्हा मिटत होते.

"मामाजी," मी म्हणाले, "मीबी तेच पाणी पेली."

त्यांनी बैलांच्या पाठीवर चाबूक ओढला, जो ते कधी ओढत नसत, आणि गाडी धुळीतून पळू लागली. खामगाव अजून दिसतही नव्हतं.